व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरपासून प्रवासाच्या बॅगेपर्यंत : सीपॅप मशीनची गोष्ट

"डॉक्टर, भाचीच्या लग्नाला चार दिवस नागपूरला जायचंय. तेवढे दिवस मशीन नाही नेलं तर चालेल ना?"

तुळशीचे लग्न लागले की हा प्रश्न माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला कुणीतरी विचारतेच. मे महिन्यात पुन्हा. या वेळी विचारणारे होते कोथरूडचे एक काका. वय ६१, बँकेतून निवृत्त, गेली दोन वर्षे रात्री सीपॅप मशीन लावून झोपतात. मी उत्तर देण्याआधीच शेजारी बसलेल्या काकूंनी दिले, "मागच्या वर्षी नाशिकला असंच मशीन घरी ठेवून गेलो होतो. तीन रात्री हे नीट झोपले नाहीत. येताना चाकणच्या अलीकडे गाडी चालवता चालवता डोळा लागला. गाडी दुभाजकाला घासली, म्हणून वाचलो."

काका खाली बघत होते. मशीन न नेण्याचे कारण त्यांनी नंतर हळूच सांगितले. लग्नघरी एका खोलीत आठ-दहा जण झोपतात. त्यांच्यासमोर नाकावर मास्क आणि नळी लावून झोपायची लाज वाटते. "लोक म्हणतील, यांना ऑक्सिजन लागला की काय!"

सीपॅप वापरणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी ही लाज वाटते. ती घालवायला सल्ल्यापेक्षा या मशीनचा इतिहास जास्त उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. हे मशीन यायच्या आधी या आजाराच्या माणसांवर काय उपचार होत होते, हे कळले की नाकावरचा मास्क फार हलका वाटू लागतो. काकांना त्या दिवशी थोडक्यात सांगितले ते इथे सविस्तर लिहितो.

आधी आजार म्हणजे काय ते दोन मिनिटांत

आपण जागे असतो तेव्हा घशाचे स्नायू घसा उघडा धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद आहे, मानेत चरबी आहे, जबडा लहान किंवा मागे आहे, टॉन्सिल मोठे आहेत, त्यांची जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडून वाट अडवतो. वाट अर्धी बंद झाली की घोरणे. पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो. छाती-पोट हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, माणूस मोठ्याने "घर्र" करून श्वास घेतो आणि परत झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. बायकोला आठवते.

असे दर तासाला किती वेळा होते, हे स्लीप टेस्टमध्ये मोजतात. पाचपेक्षा कमी म्हणजे ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. आमच्या या काकांचा आकडा ५२ होता, म्हणजे जवळजवळ दर मिनिटाला एकदा. अशा रात्रीनंतर दिवसा झोप येणार नाही तर काय होईल? या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात.

विनोद समजला गेलेला आजार

माणसे घोरत आली आहेत ती अनादि काळापासून. कुंभकर्ण आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकला आहे. पण सुश्रुतसंहितेत अतिस्थूल माणसाच्या त्रासांची जी यादी आहे, ती बघून मी चकित झालो होतो. त्यात अति झोप आहे आणि 'क्रथन' असा एक शब्द आहे. क्रथन म्हणजे घोरणे, किंवा कोशकारांनी दिलेल्या अर्थाप्रमाणे श्वास अचानक अडणे. ही दोन्ही लक्षणे एकाच माणसात दिसतात हे कुणीतरी फार पूर्वी पाहून ठेवले होते. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कळायला मात्र विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

युरोपात चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ मध्ये 'पिकविक पेपर्स' लिहिले. त्यात ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे, जो उभ्या उभ्या, दार वाजवता वाजवता झोपतो. वाचकांना तो गमतीचा वाटला. त्यानंतर जवळजवळ १२० वर्षांनी, १९५६ साली, बॉस्टनच्या डॉ. बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत छापली. हा गृहस्थ कंपनीत अधिकारी, वजन सुमारे १२० किलो. तो दर आठवड्याला मित्रांबरोबर पत्ते खेळायचा. एका रात्री त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकर खेळणाऱ्याला असा हात क्वचित मिळतो. हा गृहस्थ तो हात धरूनच झोपी गेला आणि डाव हरला. काही दिवसांनी तो रुग्णालयात दाखल झाला. डॉक्टरांनी डिकन्सच्या त्या पोरावरून आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' नाव दिले.

नाव मजेशीर होते, पण कारण अर्धेच सापडले होते. त्यांना वाटले, वजनामुळे छाती नीट फुलत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याची गुंगी येते. काही रुग्णांत तसे होतेही. पण या रुग्णांना रात्री झोपलेले असताना कुणी नीट पाहिलेच नव्हते. आम्हा डॉक्टरांची ही जुनी खोड आहे. आम्ही रुग्णाला दिवसा बघतो, आणि हा आजार रात्रीचा.

रात्री बघितले ते १९६५ मध्ये, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला युंग आणि कुलो यांनी आणि फ्रान्समधल्या मार्सेलला गास्तो यांच्या गटाने. मेंदूचा आलेख आणि श्वास एकाच वेळी रात्रभर नोंदवल्यावर चित्र स्वच्छ झाले. श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, मेंदू पुन्हा पुन्हा जागा होतो. दिवसाची झोप ही रात्रीच्या मोडलेल्या झोपेची थकबाकी होती. १९७६ पर्यंत अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' हे नाव रुजवले, आणि हेही दाखवले की रुग्ण लठ्ठच असतो असे नाही.

गळ्याला भोक

आता उपचार. वाट घशात अडते, तर घशाच्या खालून नवी वाट काढा. हा विचार सरळ होता. १९६९ मध्ये कुलो यांनी तसेच केले. गळ्यावर, श्वासनलिकेला भोक पाडून त्यात नळी बसवली. या शस्त्रक्रियेला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात.

हा उपचार लागू पडत होता, हे लक्षात घ्या. घसा बंद पडला तरी हवा गळ्यातून थेट फुप्फुसात जात होती. वर्षानुवर्षे पेंगणारी माणसे ताजीतवानी उठू लागली, हृदयावरचा ताण उतरला. पण त्याची किंमत बघा. दिवसभर भोकाला बूच लावायचे, म्हणजे बोलता येईल. रात्री बूच काढायचे. नळीत कफ साठतो, तो रोज साफ करायचा. जंतुसंसर्ग होतो. पोहणे बंद, शॉवरखाली उभे राहायचे तरी जपून. कॉलरच्या आत रुमाल किंवा गळपट्टा कायमचा. प्रवासाला निघाले की सामानात नळ्या, ब्रश, निर्जंतुक पाणी. आणि हे सगळे आयुष्यभर.

दहा-बारा वर्षे तीव्र आजाराला हाच एक खात्रीचा उपचार होता. त्यामुळे तो फक्त अगदी गंभीर रुग्णांना दिला जायचा. बाकीच्यांना "वजन कमी करा" एवढेच सांगितले जायचे, आणि ते स्टिअरिंगवर पेंगत राहायचे.

सिडनीतली ती रात्र

जून १९८०. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये बांधकामावर काम करणारा ४३ वर्षांचा एक रुग्ण आला. आजार तीव्र. त्याला ट्रॅकिओस्टॉमी सुचवली गेली. त्याने साफ नकार दिला.

तिथे डॉ. कॉलिन सुलिव्हन नावाचे तरुण डॉक्टर होते. त्याआधी काही वर्षे कॅनडात टोरांटोला त्यांनी झोपेतल्या श्वासावर कुत्र्यांवर प्रयोग केले होते. कुत्र्याच्या तोंडावर बसणारे मास्क त्यांनी तिथे वापरले होते. त्यांच्या डोक्यात एक साधी कल्पना होती. घसा आत ओढला जाऊन मिटतो, तर आतून हवेचा हलका दाब देऊन तो उघडा का धरू नये? फुग्यात थोडी हवा असली की त्याच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, तसे.

नवजात बाळांच्या विभागात हे तत्त्व आधीच वापरात होते. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. ग्रेगरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसे अशा सतत दाबाने उघडी ठेवली होती. पण मोठ्या माणसाच्या घशासाठी, झोपेत, नाकातून, असा विचार कुणी केला नव्हता.

सुलिव्हन यांनी त्या रुग्णाला विचारले, एक रात्र प्रयोग करून बघू का? तो तयार झाला. नाकावर बसेल असा मास्क बनवला, तो सिलिकोनने चेहऱ्याला चिकटवला. हवा फुंकायला व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर. आवाज किती असेल, कल्पना करा. रुग्ण झोपला, श्वास थांबू लागला. सुलिव्हन यांनी दाब थोडा थोडा वाढवला. एका टप्प्यावर घोरणे थांबले, श्वास सुरळीत झाला, आणि तो माणूस लगेच गाढ, स्वप्नांच्या झोपेत गेला. दाब कमी केला की श्वास परत अडायचा, वाढवला की सुटायचा. पुन्हा पुन्हा करून पाहिले. मग दाब तसाच ठेवून त्याला झोपू दिले. तो सुमारे सात तास झोपला. सकाळी उठला तेव्हा, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, त्याला पेंग येत नव्हती.

१८ एप्रिल १९८१ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. पाचच रुग्ण! त्यात एक तेरा वर्षांचा मुलगा होता. लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका.

हा दाब किती, हे रुग्ण मला नेहमी विचारतात, कारण "मशीनने फुप्फुस फुटणार नाही ना?" ही भीती मनात असते. घरी करून बघा. ग्लासात दहा सेंटिमीटर पाणी घ्या, स्ट्रॉ तळापर्यंत बुडवा आणि फुंका. बुडबुडे यायला जेवढा जोर लागतो, तेवढाच हा दाब. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण एक टक्का. आणि काकांच्या लग्नघरच्या नातेवाइकांसाठी : यात ऑक्सिजनचा सिलेंडर नसतो. खोलीतलीच हवा थोड्या जोराने नाकात जाते. नावही तेच सांगते. कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर, म्हणजे श्वासमार्गात सतत थोडा जास्तीचा दाब. त्याचे लघुरूप सीपॅप.

सुरुवातीची काही वर्षे हे मशीन घरी वापरणाऱ्यांना काय सोसावे लागले असेल! प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क करायचा. तो रोज रात्री स्वतः चिकटवायचा आणि रोज सकाळी सोलून काढायचा. मोटर एवढी मोठी आणि गोंगाटाची की ती झोपायच्या खोलीत ठेवणे अवघड. तरी १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सिडनीत शंभरेक रुग्ण ते घरी वापरत होते. माणसे एवढा त्रास घेऊनही एखादा उपचार सोडत नाहीत, यातच सगळे आले. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत पहिले तयार मशीन बाजारात आले. पट्ट्यांनी बांधायचे मऊ मास्क आले, मग पाण्याची टाकी आली, म्हणजे नाक कोरडे पडणार नाही. पुढे गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करणारी मशीन आली. आज मशीनचे वजन साधारण एक-दीड किलो असते आणि आवाज कुजबुजीपेक्षा कमी. २०१७ मध्ये तर खास प्रवासासाठी तीनशे ग्रॅमचे मशीन निघाले, हातात मावणारे.

"आपल्याकडे हे नसतं" : मुंबई आणि पुण्याचे उत्तर

आपल्याकडे बरीच वर्षे असा समज होता की हा गोऱ्या, धिप्पाड लोकांचा आजार. आमच्या शिक्षणाच्या काळातही यावर जेमतेम अर्धे पान असायचे. या समजाला धक्का दिला तो मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी. नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी झोपेबद्दल प्रश्न विचारले आणि त्यांतल्या २५० जणांची घरी झोपेची तपासणी केली. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९.५ टक्के पुरुषांत झोपेत श्वास अडत होता, आणि ७.५ टक्क्यांमध्ये त्याबरोबर दिवसाची पेंगही होती. म्हणजे तेरा-चौदा पुरुषांत एक. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९९३ साली झालेल्या प्रसिद्ध पाहणीत पुरुषांतला तसाच आकडा ४ टक्के होता. दोन्हीकडच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे काटेकोर तुलना करू नये. पण "आपल्याकडे नसतं" हे म्हणायची सोय संपली.

आपल्यातली फार लठ्ठ न दिसणारी माणसेही यात का सापडतात? इथे पुण्याचा संबंध येतो. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करतात. त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच स्वतःचा फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, म्हणजे सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखेच मोजत होता, पण आत चरबी दुपटीहून जास्त होती. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जन्मलेल्या बाळांमध्येही हेच पाहिले : वजन कमी, पण त्या मानाने चरबी टिकलेली.

हे संशोधन मधुमेहासाठी होते, घोरण्यासाठी नव्हे. तरी माझ्यासमोर ७० किलोचा, बारीक हातापायांचा, पोट सुटलेला, आखूड मानेचा माणूस बसतो आणि त्याची बायको म्हणते की हे रात्री श्वास घ्यायचे थांबतात, तेव्हा मला तो फोटो आठवतो. "मी कुठे जाडा आहे?" या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. मानेला टेप लावतो.

सामान्य लोकांपर्यंत आजाराचे नाव पोचले ते मात्र १५ फेब्रुवारी २०२२ ला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया हे शब्द होते. त्या आठवड्यात माझ्याकडे जेवढ्या बायका आपल्या नवऱ्यांना हाताला धरून घेऊन आल्या, तेवढ्या त्याआधीच्या सहा महिन्यांत आल्या नव्हत्या.

मशीन चालते, पण लावले तर

इतिहासातली एक कमी आनंदाची गोष्टही सांगायला हवी. २०१६ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सात देशांतले २,७१७ रुग्ण होते, त्यांत भारतातलेही. हृदयरोग किंवा मेंदूचा आजार असलेल्यांना सीपॅप दिले, तर पुढचे झटके टळतात का, हा प्रश्न होता. उत्तर आले : टळल्याचे दिसले नाही. पेंग कमी झाली, मन सुधारले, जगणे बरे झाले, पण झटके तेवढेच. वर्तमानपत्रांनी "मशीन निरुपयोगी" असे मथळे द्यायच्या आधी एक आकडा बघायला हवा होता. त्या रुग्णांनी मशीन वापरले ते सरासरी रात्री ३.३ तास. सात तासांच्या झोपेतले निम्म्याहून कमी. जास्त तास वापरले असते तर झटके टळले असते का, हे त्या अभ्यासावरून ठामपणे सांगता येत नाही. पण पेंगेपुरते बोलायचे तर रोज बघतो : पूर्ण रात्र लावणारा ताजा असतो, अर्धी रात्र लावणारा अर्धा.

आणि मशीन बंद केले की परिणाम साठून राहत नाही. हे चष्म्यासारखे आहे. काढला की दिसत नाही. एक-दोन रात्रींतच घोरणे आणि श्वास अडणे परत येते. म्हणून चार दिवसांच्या लग्नाला 'सुट्टी' नसते, आणि परतीला गाडी चालवायची असेल तर मुळीच नसते.

मशीनची भीती वाढवणारी एक घटना जून २०२१ मध्ये घडली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची शक्यता आहे, म्हणून फिलिप्स कंपनीने जगभरातली आपली लाखो मशीन परत बोलावली. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. रुग्ण घाबरून विचारत, आज रात्री लावू की नको? तीव्र आजार असलेल्यांना मी सांगत होतो, स्वतःहून बंद करू नका, मॉडेल तपासू, दुसरी सोय होईपर्यंत काय करायचे ते मिळून ठरवू. तुमचे मशीन त्या काळातले असेल आणि कधीच तपासले नसेल, तर आजही मॉडेल आणि सिरीयल नंबर घेऊन या.

प्रवासात

आता काकांचा खरा प्रश्न.

रेल्वे. नागपूरची गाडी रात्रीची. डब्यात सॉकेट असते, पण त्यावर विसंबू नका. आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवण्याचा नियम रेल्वेने मार्च २०२१ पासून पुन्हा कडक केला. नेमकी आपली झोपेची वेळ! म्हणून बॅटरी हवी. पाण्याची टाकी आणि गरम नळी बंद ठेवली तर मशीन फार कमी वीज खाते, आणि साधारण १०० वॉट-अवरची बॅटरी बहुतेकांना एक रात्र पुरते. आधी घरी एका रात्री बॅटरीवर झोपून बघा, गाडीत पहिला प्रयोग नको. बॅटरी नसेल आणि एक रात्र काढायचीच असेल, तर कुशीवर झोपा, त्या रात्री दारू आणि झोपेची गोळी नको, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

विमान. मशीन हातातल्या सामानात, कधीही चेक-इनमध्ये नाही. बॅग हरवली तर मशीन परदेशात लगेच मिळत नाही. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला अडचण नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी : २००९ पासून तिथल्या नियमाप्रमाणे असे वैद्यकीय यंत्र हातातल्या सामानाच्या मोजणीत धरत नाहीत. तरी डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवा. विमानातच वापरायचे असेल तर कंपनीला आधी कळवा. टाकी रिकामी आणि कोरडी करून भरा, नाहीतर उरलेले पाणी मोटरमध्ये जाते. व्होल्टेजची काळजी नको. अडॅप्टरवर १००-२४० लिहिलेले असेल तर तिथल्या ११०-१२० वरही तो चालतो. फक्त पिन बदलणारा सॉकेट न्या.

पाणी. टाकीत डिस्टिल्ड वॉटर. प्रवासात मिळाले नाही तर प्यायचे पाणी उकळून, गार करून एक-दोन रात्री चालते. नळाचे कच्चे पाणी कधीही नाही. बॅटरीत घालायचे पाणी स्वस्त मिळते म्हणून बरेच जण आणतात. ते बॅटरीसाठीच असू द्या.

उंची. महाबळेश्वरला काही करावे लागत नाही. लेह किंवा केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर आहेत. तिथे बऱ्याच मशीनची क्षमता संपते, आणि उंचीमुळे श्वास वेगळ्या कारणानेही थांबू शकतो. जायच्या आधी भेटा.

वारी. माझे एक रुग्ण दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. पहिल्या वर्षी त्यांनी मशीन नेले नाही. दिंडीच्या तंबूत शेजारच्यांनी त्यांना तिसऱ्या रात्री ट्रकमध्ये झोपायला पाठवले, इतके घोरत होते. आता ते दोन बॅटऱ्या नेतात. दिवसा दिंडीच्या ट्रकवर, मोबाइलच्या चार्जरांच्या शेजारी एक लागलेली असते, रात्री दुसरी वापरतात. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा घरी येऊन मास्क धुऊन जातात.

कोथरूडचे काका नागपूरला मशीन घेऊन गेले. मी एकच जास्तीची गोष्ट सांगितली होती, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, कारण लग्नाच्या हॉलवर सॉकेट नेहमी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. पहिल्या रात्री भाच्यांनी फोटो काढले, "मामा फायटर पायलट" म्हणून व्हॉट्सॲपवर टाकले. दुसऱ्या रात्री कुणी बघितलेही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी काकूंच्या जाऊबाईंनी त्यांना बाजूला घेऊन विचारले, "हे मशीन कुठे मिळतं? आमच्याकडेही रात्री असंच होतं, मी घड्याळ बघत जागी असते."

त्या दिरांची स्लीप टेस्ट परवा नागपूरलाच झाली. काकांनी रिपोर्ट मोबाइलवर मला पाठवला आहे. आकडा ४१ आहे.